चेक इंजिनचा दिवा पुन्हा पुन्हा का पेटतो?

आजचा विषय कुठल्याही इयत्तेच्या पाठ्यपुस्तकात नाही, पण महाड-पोलादपूरकडच्या गाडीवाल्या घरांत तो कधी ना कधी येतोच. स्पीडोमीटरशेजारी इंजिनाच्या आकाराचा एक छोटा पिवळा दिवा पेटतो. गाडी तर नीट चालते आहे असं वाटतं. मग घरात सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं, सोडून द्या, सेन्सरचं काहीतरी असेल. कुणी म्हणतं, गॅरेजला नेऊन स्कॅनर लावा आणि कोड उडवून घ्या. कोड उडवला की दिवा जातो, आणि आठ-दहा दिवसांनी, बहुधा आंबेनळीच्या चढावर, परत हजर! मग तिसरा सल्ला येतो: कोडमध्ये ज्या पार्टचं नाव आलंय तो पार्टच बदलून टाका. पार्ट बदलतो, काही हजार जातात, आणि पंधरा दिवसांनी दिवा पुन्हा पेटतो.

या तिन्ही सल्ल्यांच्या मुळाशी एकच गैरसमज आहे. कोड म्हणजे रोगाचं नाव असं आपण धरून चालतो. शिक्षकांना कळेल अशा भाषेत सांगायचं तर कोड म्हणजे प्रगतिपुस्तकातली लाल रेघ. गणितात गुण कमी पडले एवढं ती सांगते. मुलाला भागाकार येत नाही, फळा दिसत नाही, की परीक्षेच्या दिवशी ताप होता, हे रेघेला ठाऊक नसतं. ते आपल्याला शोधावं लागतं. तसंच कोडचं. आणि हा शोध कसा घ्यायचा, यात शाळेतलं विज्ञान किती उपयोगी पडतं ते आज पाहू.

कोड तयार कसा होतो

इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, दर सेकंदाला अनेकदा सेन्सरांचे आकडे वाचतो. पाण्याचं तापमान, आत येणारी हवा, धुरात उरलेला ऑक्सिजन, क्रँकशाफ्टचा वेग वगैरे. प्रत्येक आकड्याची अपेक्षित मर्यादा त्याच्याकडे लिहिलेली असते. आकडा मर्यादेबाहेर गेला, किंवा दोन आकडे एकमेकांशी जुळेनात, तर तो नोंद करतो. ही नोंद म्हणजेच ट्रबल कोड. भारत स्टेज ६ चे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. तेव्हापासूनच्या सगळ्या गाड्यांत आणि त्याआधीच्या बऱ्याचशा गाड्यांत हे कोड वाचायला स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं एक सॉकेट असतं. त्यात लावायचा ब्लूटूथचा छोटा अडॅप्टर आणि मोबाइलमधलं अ‍ॅप एवढ्यावर घरीही कोड वाचता येतो.

कोडची रचनाही समजून घ्यायला सोपी आहे. पहिलं अक्षर विभाग सांगतं: पी म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स, सी म्हणजे ब्रेक-सस्पेन्शनचा भाग, बी म्हणजे बॉडी, यू म्हणजे गाडीतल्या संगणकांचं आपापसातलं बोलणं. पुढचा आकडा बहुधा शून्य असतो, म्हणजे कोडचा अर्थ सगळ्या कंपन्यांसाठी सारखा. एक असेल तर अर्थ कंपनीगणिक बदलतो. त्यानंतरचा आकडा उपविभाग. एक-दोन म्हणजे हवा आणि इंधन, तीन म्हणजे ठिणगी, चार म्हणजे प्रदूषण नियंत्रण. म्हणजे पी ०३०२ वाचलं की कळतं, ठिणगीच्या विभागातली तक्रार आहे आणि दोन नंबरचा सिलिंडर मिसिंग करतो आहे.

बहुतेक बिघाडांत संगणक पहिल्याच फेरीला दिवा लावत नाही. पहिल्या वेळी तो मनाशी नोंद ठेवतो. याला पेंडिंग कोड म्हणतात. पुढच्या फेरीतही तेच आढळलं तर कोड पक्का होतो आणि दिवा पेटतो. बिघाड पुन्हा दिसला नाही तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपोआप विझतो, पण कोड आत बराच काळ राहतो. इंजिन थंडावून पुन्हा गरम होण्याच्या चाळीसेक फेऱ्या झाल्यावर तो पुसला जातो. त्यामुळे दिवा विझला म्हणजे गाडी बरी झाली असं नाही, आणि दिवा पेटला म्हणजे बिघाड आजचाच असंही नाही.

दिवा स्थिर पेटलेला असेल तर घाबरण्याचं कारण नाही, सवडीने तपासा. तो लुकलुकत असेल तर मात्र वेग कमी करा आणि शक्य तितक्या लवकर गाडी बाजूला घ्या. लुकलुकणारा दिवा म्हणजे मिसिंग इतकं जास्त आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जातंय आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जळतंय. तो कन्व्हर्टर गाडीतल्या महाग पार्टांपैकी एक आहे. आणि हो, तेलाचा किंवा तापमानाचा लाल दिवा ही वेगळीच गोष्ट. तो पेटला तर इंजिन लगेच बंद.

उडवण्याआधी एक फोटो

कोड पक्का होतो त्या क्षणी संगणक आणखी एक काम करतो आणि हेच आपल्याकडे सगळ्यात दुर्लक्षित राहतं. त्या क्षणाची पूर्ण परिस्थिती तो जपून ठेवतो: गाडीचा वेग, इंजिनाचे फेरे, पाण्याचं तापमान, इंजिनावरचा भार, इंधनाची दुरुस्ती. याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. पंचनामाच म्हणा ना. गाडी ३० च्या वेगाने, ७५ टक्के भाराने चालली होती असं त्यात दिसलं तर ती चढावर होती हे उघड आहे. वेग शून्य, फेरे ८००, तर गाडी बाजारात कुठेतरी उभी होती.

कोड उडवला की फ्रीझ फ्रेमही पुसली जाते. म्हणून गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर 'उडवा' म्हणण्याआधी कोड आणि फ्रीझ फ्रेम या दोन्ही पानांचा मोबाइलवर फोटो काढा. मेकॅनिकला सांगितलं तर तो नाही म्हणत नाही. घाई त्याला असते, आपल्याला नसावी.

उडवल्यावर कोड किती वेळाने परत आला, हाही पुरावाच. चावी फिरवताच, इंजिन सुरू होण्याआधीच कोड परत आला तर बिघाड बहुधा विजेचा: तुटलेली वायर, निघालेला कपलर किंवा मेलेला सेन्सर. हे संगणकाला न चालवताही दिसतं. दोन-चार दिवसांनी आला तर तो विशिष्ट परिस्थितीतच होणारा बिघाड आहे. कुठल्या परिस्थितीत, ते शोधायचं. आणि त्यासाठी आपल्याकडचे रस्ते म्हणजे तयार प्रयोगशाळा आहे.

घाट आणि सपाटी

महाडहून पोलादपूर वीसेक किलोमीटर. तिथपर्यंत रस्त्यात मोठी चढण नाही. पोलादपूरहून आंबेनळी घाटाने महाबळेश्वरला निघालात की चाळीसेक किलोमीटरात गाडी सुमारे १,३५० मीटर उंचीवर जाते. वर हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ १५ टक्क्यांनी कमी असतो. म्हणजे एकाच सकाळी तुम्ही इंजिनाला दोन अगदी वेगळ्या परीक्षांना बसवू शकता. (दक्षिणेकडे कशेडीचा जुना घाटही चांगला होता, आता बोगद्याने गेलात तर ती चढण पूर्वीइतकी लागत नाही. चाचणीसाठी जुना रस्ताच बरा.)

एक उदाहरण घेऊ. समजा पेट्रोल गाडीला पी ०१७१ हा कोड वारंवार येतो. अर्थ: मिश्रण पातळ, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी. शुद्ध पेट्रोल पूर्ण जळायला एक किलोला साधारण १४.७ किलो हवा लागते. धुरात ऑक्सिजन जास्त उरला की ऑक्सिजन सेन्सर तसं कळवतो आणि संगणक इंजेक्टर किंचित जास्त वेळ उघडा ठेवतो. ही दुरुस्ती किती टक्के करावी लागली, तो आकडा म्हणजे फ्युएल ट्रिम. अ‍ॅपमध्ये तो थेट दिसतो, एक तात्पुरता आणि एक दीर्घकालीन. दोन्हींची बेरीज शून्याच्या आसपास असावी. दहा टक्के इकडेतिकडे चालतं. बेरीज अधिक २०-२५ च्या पुढे जाऊन तिथेच राहिली की पी ०१७१.

आता बरेच जण काय करतात? कोडच्या माहितीत ऑक्सिजन सेन्सरचं नाव वाचतात आणि तो बदलतात. पण सेन्सर तर खरं बोलत होता! त्याने 'ऑक्सिजन जास्त आहे' असं सांगितलं आणि ऑक्सिजन खरंच जास्त होता. निरोप्याला बदलून निरोप बदलत नाही.

खरा प्रश्न असा: हवा जास्त येते आहे की पेट्रोल कमी पडतं आहे? इथे रस्ता मदत करतो. समजा इनटेकच्या रबरी होजला चीर गेली आहे आणि न मोजलेली हवा आत शिरते आहे. आयडलवर इंजिन मुळात थोडीच हवा घेतं, त्यामुळे ही चोरटी हवा त्यातला मोठा हिस्सा ठरते आणि ट्रिम खूप चढतो. घाटात इंजिन भरपूर हवा घेतं, तीच चीर आता क्षुल्लक, ट्रिम खाली येतो. उलट पेट्रोलचा पंप दमला असेल किंवा फिल्टर तुंबला असेल, तर आयडलला लागणारं थोडं पेट्रोल तो आरामात देतो. महाडच्या बाजारात सगळं ठीक. खरी मागणी चढावर येते आणि तिथे ट्रिम चढत जातो, पिकअप जातो.

म्हणजे बाजारात चढणारा आणि घाटात उतरणारा ट्रिम हवेच्या गळतीकडे बोट दाखवतो. बाजारात नीट आणि घाटात चढणारा ट्रिम पेट्रोलच्या पुरवठ्याकडे. एक पैसाही न खर्चता शोध निम्म्यावर आला.

इथे तीन गोष्टी लक्षात ठेवाव्या लागतात. पहिली, हे गणित हवा मोजणारा एअर फ्लो सेन्सर असलेल्या गाड्यांत स्वच्छ दिसतं. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या गाड्या त्याऐवजी इनटेकमधला दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरवर चालतात. तिथे गळलेली हवा दाबात मोजली जाते, त्यामुळे ट्रिमपेक्षा आयडल चढलेलं दिसतं. दुसरी, एअर फ्लो सेन्सर स्वतःच मळला असेल तर तोही चढावर हवा कमी मोजतो आणि पंप दमल्यासारखंच चित्र दिसतं. म्हणून पंप बदलण्याआधी गेज लावून पेट्रोलचा दाब मोजायला सांगा. तिसरी, चढावर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबू नका. पूर्ण दाबल्यावर संगणक ट्रिम बाजूला ठेवून मुद्दाम जास्त पेट्रोल देतो आणि आकडे निरुपयोगी होतात. निम्म्या अ‍ॅक्सिलरेटरवर एका लयीत चढत राहा. मोबाइल शेजारच्याने बघायचा, चालवणाऱ्याने नाही. आंबेनळीची वळणं कशी आहेत ते सांगायला नको.

पेट्रोलमधल्या इथेनॉलबद्दल हल्ली पालक खूप विचारतात. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असतोच, त्यामुळे त्याला जळायला हवा कमी लागते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला १४.७ ऐवजी साधारण साडेतेरा पट हवा पुरते. जुन्या आखणीच्या गाडीत त्यामुळे ट्रिम काही टक्के वर सरकणं स्वाभाविक आहे. एवढ्याने सहसा कोड येत नाही. पण आधीच छोटी गळती असेल तर हे काही टक्के तिला मर्यादेपार ढकलू शकतात. अशा वेळी सगळा दोष इथेनॉलला दिला की होज तशीच फाटकी राहते.

दोन नंबरचं कॉइल तीनला

मिसिंगच्या कोडसाठी याहूनही सोपी युक्ती आहे आणि नियंत्रित प्रयोग शिकवायला माझ्या मते यासारखं उदाहरण नाही. समजा पावसात, चढावर, पी ०३०२ येतो. भार वाढला की सिलिंडरमधला दाब वाढतो आणि ठिणगी पडायला जास्त व्होल्टेज लागतं. म्हणून कमजोर कॉइल सपाटीवर निभावतं आणि घाटात हरतं. त्यात दमट हवा असेल तर बघायलाच नको. पण दोष कॉइलचा, प्लगचा, इंजेक्टरचा की कम्प्रेशनचा?

दोन नंबरचं कॉइल काढून तीन नंबरला लावायचं, तीनचं दोनला. बाकी काही हात लावायचा नाही. कोड उडवून त्याच चढावर जायचं. आता पी ०३०३ आला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच गुन्हेगार. पुन्हा पी ०३०२ आला तर कॉइल निर्दोष. मग पुढच्या फेरीत प्लगची अदलाबदल. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आपण मुलांना प्रयोगवहीत लिहायला लावतो. गॅरेजमध्ये मात्र एकाच दिवशी प्लग, कॉइल आणि फिल्टर बदलले जातात. गाडी बरी झाली तरी कशाने झाली हे कुणालाच कळत नाही, आणि चांगले पार्ट भंगारात जातात.

मिसिंग आणि पातळ मिश्रण हे दोन्ही कोड एकदम आले तर आधी मिसिंग बघा. न जळलेल्या सिलिंडरमधला ऑक्सिजन तसाच बाहेर जातो आणि सेन्सरला वाटतं मिश्रण पातळ आहे. कन्व्हर्टरचा पी ०४२० हा कोडही अनेकदा असाच मागून आलेला असतो. नवा कन्व्हर्टर बसवून मिसिंग तसंच ठेवलं तर नवाही जायचा.

पुराचं पाणी आणि हिरवं तांबं

आता आपल्या भागाच्या खास दुखण्याकडे येऊ. २२ आणि २३ जुलै २०२१ ला सावित्री आणि गांधारीच्या पुराने महाड शहर बुडालं. घरं, दुकानं आणि उभ्या गाड्या पाण्याखाली गेल्या. पुरात उभी राहिलेली गाडी चावी फिरवून सुरू करून बघायची नसते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर ते हवेसारखं दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. पण पुराचं दुसरं नुकसान हळू चालतं. धुऊन-पुसून, तेल बदलून गाडी सुरू होते, आणि कित्येक महिन्यांनी एकामागून एक असंबद्ध कोड यायला लागतात.

कारण गढूळ पाणी कपलरमध्ये शिरलेलं असतं. पिनांवर गाळ बसतो, ओल राहते, तांब्याच्या तारांवर हिरवट थर चढतो आणि तो वायरच्या आवरणाच्या आत सरकत जातो. बाहेरून वायर नवीकोरी दिसते. आत सात-आठ तारांपैकी दोन-तीनच शाबूत. रोध वाढतो, सेन्सरचा निरोप बिघडून पोचतो आणि संगणक बिचारा सेन्सरच्या नावाने कोड टाकतो. पूर न येताही उंदीर हेच काम करतात. पावसाळ्यात उबदार बोनेटखाली येऊन वायरी कुरतडणारे उंदीर आपल्याकडे घरोघर आहेत.

अशा वेळी सेन्सर खराब की वायर, हे कसं ठरवायचं? पाण्याच्या तापमानाचा सेन्सर घ्या. हा एक थर्मिस्टर असतो: थंड असताना रोध जास्त, गरम होईल तसा कमी. बऱ्याच गाड्यांत २० अंश सेल्सिअसला दोन-अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास. संगणक त्याला आतल्या एका ठरावीक रोधामार्फत ५ व्होल्ट देतो आणि सेन्सरवर किती व्होल्ट उरले ते मोजतो. नववीतला ओहमचा नियम, बाकी काही नाही. वायर तुटली तर रोध अनंत, सगळे ५ व्होल्ट तिथेच, आणि संगणक समजतो पाणी भयंकर थंड आहे. स्कॅनरवर उणे ४० अंश दिसतात. महाडमध्ये उणे ४०! हा कोड पी ०११८, आणि त्याच्या इंग्रजी नावात 'हाय' हा शब्द असतो. तो वाचून कित्येकांना वाटतं इंजिन तापलंय. ते 'हाय' व्होल्टेजचं आहे, तापमानाचं नाही. वायर एकमेकींना चिकटली तर उलट होतं: व्होल्टेज शून्याकडे, तापमान सव्वाशे-दीडशे अंशांच्या घरात, कोड पी ०११७.

आता तपासणी. समजा कोड पी ०११७ आहे, स्कॅनर अवास्तव गरम दाखवतो. सेन्सरचा कपलर काढा. आकडा उणे ४० वर पडला तर वायर आणि संगणक ठीक, सेन्सरच आतून शॉर्ट. आकडा हललाच नाही तर नवा सेन्सर आणू नका, दोष वायरीत आहे. पी ०११८ असेल तर उलट करा: कपलर काढून त्याच्या दोन्ही पिना एका छोट्या वायरने जोडा. आकडा एकदम गरमकडे गेला तर वायरी शाबूत, सेन्सर बदला. नाही गेला तर वायर तुटली आहे. ही जोडाजोडी फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवरच करायची. तीन वायरींच्या सेन्सरवर कधीच नाही, आणि एअरबॅगच्या पिवळ्या कपलरांना तर हातही लावायचा नाही.

अर्थिंगची तपासणी यापेक्षाही महत्त्वाची, कारण एक अर्थ गंजला की चार-पाच सेन्सरांचे कोड एकदम येतात. इथे मल्टीमीटर ओहमवर ठेवून मोजलं तर फसगत होते. एकच तार शिल्लक असली तरी मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतं, कारण मीटर फारच थोडा प्रवाह सोडतं. गाळाने भरलेला नळ बंद असताना गेजवर दाब पूर्णच दिसतो, तोटी उघडल्यावर कळतं पाणी येत नाही. तसंच हे. म्हणून मीटर व्होल्टवर ठेवायचं, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूला लावायचं आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगायचं. वाटेत ०.२ व्होल्टपर्यंत पडले तर ठीक. अर्धा-एक व्होल्ट पडत असतील तर अर्थची वायर आणि बोल्ट काढून घासून साफ करा. एवढ्यानेच अनेक कोड कायमचे जातात, आणि खर्च सँडपेपरचा.

डिझेलवाल्यांसाठी थोडक्यात. भारत स्टेज ६ च्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो साफ व्हायला धूर बराच वेळ गरम राहावा लागतो. घर ते एमआयडीसी आणि परत, एवढंच रोजचं चालणं असेल तर ते होत नाही आणि पी २४६३ येत राहतो. सुरुवातीला महामार्गावर अर्धा-पाऊण तास एका वेगाने चालवल्यास काम भागतं. पण गाडी लांबवर जाऊनही तो परत येत असेल तर काजळी जास्त का होते आहे ते शोधा, इंजेक्टर किंवा टर्बोची होज तपासा.

जुनी गाडी घेताना

पालकांना हे मुद्दाम सांगायचं आहे. पुरातून निघालेल्या गाड्या दुरुस्त होऊन दुसऱ्या गावी विकल्या जातात. विक्रीच्या सकाळी कोड उडवले की मीटरवर एकही दिवा नसतो. पण उडवल्याची खूण राहते. संगणक स्वतःच्या काही तपासण्या करतो आणि प्रत्येक पूर्ण झाली की तशी नोंद करतो. अ‍ॅपमध्ये 'रेडिनेस' या नावाने ती यादी असते. कोड उडवले किंवा बॅटरी काढली की यादी कोरी होते आणि भरायला काही दिवसांचं चालणं लागतं. म्हणून गाडी बघायला जाताना अडॅप्टर घेऊन जा. एकही कोड नाही आणि यादीतल्या बहुतेक तपासण्या अपूर्ण, असं दिसलं तर विक्रेत्याला शांतपणे विचारा की बॅटरी केव्हा काढली होती. उत्तर काहीही येवो, आठवडाभर गाडी चालल्यावर पुन्हा बघायला येतो म्हणा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्यावर पाण्याची रेघ दिसते का तेही पाहा, आणि कार्पेट उचलून गाळ.

मुलांना शाळेत नेणाऱ्या व्हॅनचा पिवळा दिवा महिनोन्महिने पेटलेला असेल तर चालकाशी बोला. काही बिघाडांत संगणक इंजिनाची ताकद मुद्दाम कमी करतो. सपाटीवर ते फक्त त्रासाचं असतं. वळणावर ट्रकला ओलांडताना ताकद गेली तर ते फार वेगळं होतं.

वर्गात

विज्ञान शिक्षकांसाठी शेवटी एक उपक्रम. गॅरेजमधून काढून टाकलेला, पण चालू असलेला पाण्याच्या तापमानाचा सेन्सर मागून आणा. सहसा फुकट मिळतो. एक मल्टीमीटर, एक तापमापी, एक पातेलं आणि गरम पाणी. सेन्सरचं पितळी टोक पाण्यात, पिना बाहेर. पाणी थंड होत जाईल तसे दर पाच अंशांना रोधाचे आकडे मुलांनी लिहायचे आणि आलेख काढायचा. रेषा सरळ येत नाही, वक्र येते, आणि ती का वक्र यावर तासभर चर्चा होते. मग मीटरची एक वायर काढून विचारा: आता रोध किती, आणि हा बिंदू आलेखावर कुठे येईल? मुलं बोट डावीकडे, कागदाच्या बाहेर नेतात, थंडीच्या दिशेला. मग त्यांना विचारा, मे महिन्यात महाडच्या गाडीत उणे ४० अंश दिसले तर आधी काय तपासाल.